सीटवरचा रुमाल

मालकाचा चहा पिऊन आम्ही निघालो की पुढच्या वळणावर बाई माझ्या पाठीत बोट टोचायच्या. स्कूटी थांबव, असा त्याचा अर्थ. मी थांबले की त्या उतरायच्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढायच्या, साडी आवरून रस्त्याच्या कडेला वाकायच्या आणि खळखळून चूळ भरायच्या. मग पुन्हा एक. मग पदराने तोंड पुसत म्हणायच्या, "झालं. आता बोल."

त्याआधी मी तोंड उघडलेलं त्यांना चालत नसे. मालकाचा चहा जिभेवर असताना मजुरांची गोष्ट काढायची नाही, असा त्यांचा नियम. मी एकदा विचारलं, मग पिताच कशाला?

"नाही प्यायला तर फाटकाच्या आत कोण घेईल आपल्याला? तुझा मामा?"

तुमच्यापैकी कोणी बुऱ्हाणपूरचं असेल तर बाईंना तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, खांद्याला शबनम आणि शनवारा बाजारातल्या भाजीवाल्यांशी ठरलेलं भांडण. गाव त्यांना 'मोजणीवाल्या बाई' म्हणायचं. सरकारने त्यांना पोरं शिकवायला नेमलं आणि जन्मभर मोजायला लावलं. माणसं, मतदार, घरं, संडास, गुरं, सगळं त्यांनी मोजलं होतं. हाताखालच्या नव्या मास्तरांना त्या दम द्यायच्या, "मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर घरी बसून पापड लाटा."

गुरांच्या मोजणीतला त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध होता. कुठल्याशा योजनेच्या आशेने एका माणसाने शेजाऱ्याची म्हैस आपल्या दावणीला बांधली आणि आपलीच म्हणून सांगितली. बाईंनी वाद घातला नाही. उठल्या आणि म्हशीचं दावं सोडलं. म्हैस शेपूट हलवत सरळ शेजारच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. "म्हैस खोटं बोलत नाही, मालक बोलतो," बाई सांगायच्या. "शंका आली की सोडून बघायचं. कुठे जाते त्यावरून कळतं."

निवृत्तीनंतर मुलाच्या घरी नातवंडं खेळवत बसायचं, तर त्या वर्षी बाहेरची एक संस्था जिल्ह्यात आली. इथल्या मजुरांमध्ये बंधुआ किती, म्हणजे मनाविरुद्ध राबणारे, काम सोडून जाता न येणारे किती, ते तिला मोजायचं होतं. वीटभट्ट्या, केळीच्या बागा, पॉवरलूम, सगळीकडे फिरून मजुरांना ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मोबाइलमध्ये भरायची. माझं बी.एड. झालं होतं, नोकरी नव्हती आणि स्कूटी होती. बाईंकडे अनुभव होता आणि स्कूटी नव्हती. आमची जोडी अशी जमली.

प्रशिक्षणात एक तरुण सर पडद्यावर प्रश्न दाखवत होते. प्रश्न मोठे सभ्य होते. 'क्या आप अपनी मर्ज़ी से गाँव जा सकते हैं?' बाई उभ्या राहिल्या.

"सर, हे मालकासमोर विचारायचं का मालकाच्या माघारी?"

"एकांत में पूछना है, मैडम."

"मग भट्टीवर एकांत कुठे असतो, तेवढं पण दाखवा पडद्यावर."

हॉल हसला, सरही हसले. मुलगा चांगला होता, मी त्याला नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायला पुढे पुष्कळ माणसं भेटली. असीरगढच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या एका भट्टीचा शेठ त्यांत पहिला. कपाळाला गंध, हातात जपमाळ. अंगणातल्या कडुनिंबाला पाखरांसाठी पाण्याची मातीची भांडी टांगलेली. आम्हाला पंख्याखाली खुर्च्या दिल्या, गावातून मावा जिलेबी मागवली.

"मजूर कसले मॅडम, परिवार आहे आपला," शेठ म्हणाला. "पूछ लो, जो पूछना है."

तो परिवार विटांच्या थप्प्यांमागून एकेक जण हात पुसत यायचा आणि उन्हात उभा राहायचा. परिवाराला खुर्ची नव्हती. जिलेबी तर नव्हतीच. मुनीम खांबाला टेकून काडीने दात कोरत होता आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

गावी जाता येतं? हो. मनाला वाटेल तेव्हा? हो. कोणी अडवतं? नाही. सगळ्यांचं हेच. मी मोबाइलवर बोट आपटत गेले. बाईंच्या कपाळावर मात्र आठी चढत चालली होती.

"सगळेच हो म्हणतात," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "लग्नाच्या मांडवात पण इतके हो ऐकू येत नाहीत."

मग त्या एकदम पोटावर हात ठेवून उठल्या. "शेठजी, मला जरा मोकळं होऊन यायचंय. एखादी बाई द्या सोबत."

आता यात मुनीम काय बोलणार? त्याने काडी फेकली आणि हाक मारली, "फुलवंती! मॅडमला घेऊन जा तिकडे." बाईंना एकांत सापडला होता. बायकांना भट्टीवर तो तेवढाच मिळतो. मीही मागोमाग गेले.

फुलवंती चाळिशीच्या आतबाहेरची असेल. हातात पाण्याचा डबा, केसांत विटांची लाल धूळ. तुरीच्या खुंटांतून ती आम्हाला बांधाच्या पलीकडे घेऊन गेली. बाई तिथे एका दगडावर बसल्या आणि तिलाही बसवलं.

"गाव कोणतं गं तुझं?"

"देडतलाईच्या पल्याड, डोंगरात."

"कधी जाऊन आलीस?"

"मी कुठं गेली. मानूस गेला हाय माझा."

"दोघं का नाही गेलात?"

"एक मानूस मागं ठेवा लागते ना, बाई."

दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक ठेवावा लागतो, असं आपण सांगतो तितक्या सहज तिने हे सांगितलं. दिवाळीनंतर बयाना, म्हणजे आगाऊ उचल, घेऊन आलेलं कुटुंब पावसाळ्यापर्यंत भट्टीचं. मधे गावी जायला कोणाला ना नाही. नवरा गेला तर बायको मागे राहते. बायको गेली तर नवरा. दोघांनाही जायचं असेल तर पोर ठेवून जायचं. प्रत्येकाला जाता येतं, कुटुंबाला येत नाही.

तिचा नवरा गावी जाऊन तापाने आडवा पडला होता. उठवतही नव्हतं. तो येत नाही तोवर हिला हलता येत नव्हतं. आणि त्याच गावात हिची लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, सासू नाही, घरात दुसरी बाई नाही. रोज फोन करून रडायची.

"तुमी सांगाल का शेठले?" फुलवंतीने बाईंचा पदर धरला. "पोरीचं मोकळं झालं का लगेच येते. पळून नाही जात मी."

बाई तरातरा परत आल्या आणि मुनीमालाच धरलं. शेठ डोळे मिटून माळ ओढत होता. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा. मुनीम मुळीच चिडला नाही. उलट समजावून सांगायला लागला.

"मॅडम, आपण बसमधून खाली उतरतो चहाला, तर सीटवर रुमाल टाकतो की नाही? तसंच आहे. सिस्टीम आहे ती. यात जोरजबरदस्ती काय?"

रुमाल. जिवंत बाई समोर उभी आहे, तिची पोर तिकडे वेणांच्या भीतीने रडते आहे, आणि हा तिला रुमाल म्हणतो. तेही गोड हसून. मी आजवर शिवराळ माणसं पाहिली आहेत, मारकुटी पाहिली आहेत, पण इतकी किळस मला कोणाची आली नव्हती.

त्या दिवशी वळणावर बाईंनी अर्धी बाटली संपवली. "खोटं कोणी बोललं नाही गं," त्या म्हणाल्या. "जाता येतं का, विचारलं. येतं म्हणाले. आपणच अर्धं विचारलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या आपल्या मनाने एक प्रश्न वाढवून विचारायला लागल्या, 'तुम्ही जाता तेव्हा मागे कोण राहतं?' केळीचे घड कापणाऱ्या टोळीत विचारला, दुसऱ्या भट्ट्यांवर विचारला. भाऊ राहतो. बायको राहते. लहानी राहते. कोणी लपवत नव्हतं, कारण कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. आम्ही वळणावळणावर थांबत होतो आणि पाणी पुरत नव्हतं.

सरांना फोन केला. ते अवघडले. मोजणी निम्मी झाल्यावर नवा प्रश्न घालता येत नाही, आधीच्यांना तो विचारलेला नाही, मग तुलना कशी करणार? हवं तर 'शेरा' म्हणून लिहा. बाईंनी शेरे लिहिले. मग त्या फुलवंतीसाठी अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेल्या. अर्जावरून एक साहेब भट्टीवर आले. पंख्याखाली बसले. जिलेबी आली. फुलवंतीला उन्हात उभं करून त्यांनी शेठसमोर विचारलं, "गाँव जाने देते हैं?"

"हो," फुलवंती म्हणाली. मुनीम तिच्याकडे बघत होता. काय म्हणणार होती ती?

"फिर प्रॉब्लम क्या है?" साहेबांनी बोटं चाटली आणि बाईंकडे वळले. "मॅडम, आपण मोजणी करा. निवाडा आमच्यावर सोडा."

बाईंनी शबनम खांद्याला लावली आणि फाटकाकडे चालू लागल्या. वाद न घालता त्या निघाल्या की मला धास्ती वाटायची.

दोनेक दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला, स्कूटी काढ. त्यांच्या हातात कपड्यांची पिशवी आणि वळकटी होती. भट्टीवर उतरल्या त्या सरळ फुलवंतीच्या झोपडीपुढे गेल्या, वळकटी टाकली आणि मांडी घालून बसल्या. मुनीम धावत आला.

"तुम्हाला मागे माणूस लागतो ना?" बाई म्हणाल्या. "मी बसते. हिला जाऊ दे."

"काय थट्टा करता, मॅडम!"

"थट्टा कसली? का, माणसात धरत नाहीस मला?"

शेठ आला. हात जोडले, आपण तर गुरुजन, आपण इथे शोभत नाही, वगैरे. बाई ढिम्म. "शोभायचं काय त्यात? परिवार आहे ना तुमचा? मी परिवारात राहायला आले." भोवती मजूर जमले. विटा न्यायला आलेले ट्रॅक्टरवाले गंमत बघायला लागले. शेठला माळ सुचेना. शेवटी तो मुनीमाला म्हणाला, "जाने दो उसको." फुलवंती तशीच, धुळीच्या केसांनी माझ्या स्कूटीवर बसली आणि मी तिला देडतलाईच्या बसमध्ये बसवून दिलं.

परत आले तर बाई तिथेच. मी म्हटलं, गेली ती, आता उठा. मुनीम पुढे झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बसू द्या ना मॅडमना. ती येईपर्यंत." आधी मला वाटलं, हा विनोद करतोय. तो विनोद करत नव्हता.

"बसणारच आहे," बाई म्हणाल्या. मग मला जवळ ओढून कानात सांगितलं, "तिला फोन लाव. म्हणावं, परत यायचं नाही. नवऱ्याला बरं वाटलं की त्याला घेऊन कुठेही जा. माझं काय करतात हे? मी पेन्शनर बाई आहे, मला कोण ठेवून घेतो? दावं सुटलंय, म्हणावं. पळ."

बाईंचा सगळा डाव हा होता. मी फोन केला. पलीकडे बसचा घरघराट होता. फुलवंती नुसतं 'हो, हो' म्हणत राहिली.

बाई त्या झोपडीत राहिल्या. भर वैशाख होता, वर पत्रा. मुलगा येऊन भांडून गेला, सून रडून गेली. मी डबा पोचवायचे. शेठच्या घरून थंड ताक यायचं, ते बाई आल्या पावली परत पाठवायच्या. संध्याकाळी बाया त्यांच्याभोवती जमायच्या आणि त्या त्यांना विचारायच्या, तुम्ही गेलात तेव्हा मागे कोण होतं? हळूहळू बाया आपणहून सांगायला लागल्या. एकीने सांगितलं, बाप वारला तेव्हा लेकरू ठेवून गेले होते. एकीने सांगितलं, मी कधी गेलेच नाही, ठेवायला कोणी नव्हतं. बाई रोज वाळत चालल्या होत्या, पण चेहऱ्यावर मोठी खुशी होती. "आली नाही अजून," मला बघितलं की हळूच म्हणायच्या. "शहाणी आहे."

आणि एका दुपारी, मी डबा घेऊन तिथेच असताना, फाटकातून फुलवंती आत आली. डोक्यावर गाठोडं, उन्हाने तोंड करपलेलं.

बाई धडपडत उठल्या. "बाळंत झाली?"

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हाय." फुलवंती हसली. बाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

"मग तू आलीस कशाला? निरोप मिळाला नाही तुला?"

"मिळाला ना."

"मग?"

"तुमी बसेल होत्या ना."

"अगं, तू जावंस म्हणून बसले होते मी! जामीन नव्हते बसले!"

"आन तुमाले इथं टाकून देऊ?" फुलवंतीला खरंच कळत नव्हतं, बाई कशावर ओरडताहेत. "पत्र्याखाली? तुमाले ऊन सोसते का? पोरगी म्हने, नाव ठेवेपर्यंत थांब. मी म्हटलं, नाही वो, तिथं बाई बसेल हाय. घास नाही उतरे मले."

मुनीम खांबापाशी होता, तोंडात काडी घालून.

"बघा मॅडम," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हटलं होतं ना, येते. आपण कोणाला कुलूप लावत नाही. गरजच नाही."

मला त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. अजूनही आहे. या लोकांना दोरखंड लागत नाही, पहारा लागत नाही. माणसाला माणसाची माया असते, एवढ्या भांडवलावर त्यांची भट्टी पेटते. आणि वर पाखरांना पाणी पाजतात.

वळणावर बाईंनी बोट टोचलं नाही, मीच थांबले. इतक्या दिवसांत त्यांनी शेठच्या घरचा घोटभर चहा घेतला नव्हता. तरी उतरल्या, वाकल्या आणि चुळा भरत राहिल्या. बाटली रिकामी झाली, ती झटकून झटकून त्यांनी शेवटचा थेंब तोंडात घेतला. मी वाट बघत होते. 'आता बोल' आलंच नाही. बाटली पिशवीत टाकत म्हणाल्या, "म्हशीचं बरं असतं गं. सोडली की घरी जाते."

त्यानंतर बाईंनी मोजणी सोडली. संस्थेचा अहवाल आला, त्यात आमच्याकडे बंधुआ मजूर अगदी थोडे निघाले. बाईंचे शेरे कुठे गेले, कोण जाणे. बाजारात भाजीवाल्यांशी त्या भांडत, पण त्यात पूर्वीची मजा राहिली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

दिवसवार झाल्यानंतरची गोष्ट. मी बाईंच्या घरी बसले होते, तर दारात फुलवंती. कुठल्याशा ट्रॅक्टरवाल्याकडून तिला कळलं होतं. त्याच भट्टीवर होती, नवा बयाना, नवा हंगाम. बाईंच्या फोटोपुढे ती खूप रडली, अगदी आवाज काढून, घरच्यांपेक्षा जास्त. सुनेने चहा दिला. तो अर्धाच पिऊन तिने कप ठेवला आणि घाईघाईने उठली. म्हटलं, चल, मी सोडते तुला.

ती माझ्यामागे बसली, बाई बसायच्या तशीच एका अंगाने. वळण आलं आणि माझ्या हातांनी सवयीने ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला गवत वाळलं होतं. मी हँडल धरून तशीच राहिले.

"का थांबल्या वो ताई?" मागून फुलवंतीने विचारलं. "चाला लवकर. मानूस बसेल हाय माझा तिथं."

मी स्कूटी सुरू केली.